अर्धी बादली

मे महिन्यातली सकाळ, सव्वासातचा सुमार. गेटवर टँकर लागला होता आणि पावतीवर सही करायला मी लेंग्यावरच खाली उतरलो होतो. सोसायटीचा खजिनदार म्हणून निवडून आल्यापासून (निवडून म्हणजे काय, सभेत बाकी कोणी मान वर केली नाही इतकंच) एप्रिल ते जून माझा दिवस असाच उजाडतो. टँकरवाल्यांच्या बोलीत ही ‘दहा हजारची गाडी’. गाडी मागे घ्यायची, जाड पाइप जमिनीखालच्या टाकीच्या तोंडात सोडायचा, कॉक उघडायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं उभं राहायचं. पाइपाच्या जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली असते, तरी तिच्यातून एक बारीक धार उडतेच. पेव्हर ब्लॉकवर ओला पट्टा उमटतो आणि त्यावर दोन साळुंक्या आणि गल्लीतली एक लंगडी कुत्री नेमानं हजर होतात. तापलेल्या सिमेंटवर पाणी पडलं की जो वास येतो तो मला आवडतो. महागाचा वास आहे, पण आवडतो.

त्या दिवशी बी विंगमधले एक गृहस्थ फेरी मारून परतत होते. ‘या आठवड्यातला कितवा?’ ‘नववा.’ त्यांनी मान हलवली, मीही हलवली, आणि सवयीनं बोलून गेलो, ‘माणसंच किती वाढलीत हो! पाणी तरी कुठवर पुरणार?’ हे वाक्य ठाण्याच्या घोडबंदर रोडवर ‘काय उकडतंय’च्या चालीवर बोललं जातं. त्याला उत्तर द्यायचं नसतं, फक्त ‘हो ना’ म्हणायचं असतं. ते ‘हो ना’ म्हणाले. तेवढ्यात माझं लक्ष टँकरच्या मागच्या चाकाकडे गेलं. शेजारी नवा टॉवर उभा राहतोय, त्याच्या कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांमधला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा उडत्या धारेखाली रंगाची बादली धरून उकिडवा बसला होता. बादली निम्मी भरत आली होती. ‘ए, काय करतोस? चल, हो तिकडे!’ मी ओरडलो. हो, मीच. वॉचमन नव्हे. आवाजही माझाच होता, पण इतका खणखणीत कसा निघाला कोण जाणे. मुलगा पळाला नाही. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, बादली तिथेच ठेवली आणि पायांपेक्षा बऱ्याच मोठ्या, कोणा मोठ्या माणसाच्या सपाता फरफटवत चालत गेला. टँकर रिकामा झाला. मी सही केली. बादली मागे राहिली. तिच्यावर निळ्या भिंतींच्या एका टुमदार घराचं चित्र होतं.

ते पाणी तसंही गटारातच जाणार होतं.

तेव्हापासून ती बादली माझ्या डोक्यात आहे. हे पापभीरूपणानं म्हणत नाही. मुंबई परिसरात राहणारा माणूस दिवसाकाठी असल्या चार गोष्टी करतो आणि रात्री झोपतोही. खुपलं ते वेगळंच. ‘माणसं वाढलीत’ असं मी म्हणालो आणि पुढच्याच क्षणी एक माणूस बोटानं दाखवून मोकळा झालो. म्हणजे वाढलेली माणसं कोण, हे मला कुठेतरी आधीपासून ठाऊक होतं म्हणायचं.

नववीत असताना ‘लोकसंख्येचा भस्मासुर’ या विषयावर मी निबंध लिहिला होता. माझ्या पिढीत तो न लिहिलेला मराठी मुलगा सापडणं कठीण. सुरुवात ठरलेली, शेवटी लाल त्रिकोण आणि ‘लहान कुटुंब, सुखी कुटुंब’. मधल्या परिच्छेदात माणसं किडामुंगीसारखी वाढतात, अन्न कमी पडतं, पाणी कमी पडतं. मला दहापैकी आठ मार्क मिळाले होते आणि बाईंनी वर्गात तो वाचून दाखवला होता. गंमत बघा, निबंध लिहिणारा मी आमच्या घरातला अकरावा माणूस. ठाण्यातच, चरईतल्या वाड्यात दोन खोल्या आणि एक पडवी, त्यात आजी-आजोबा, आई-बाबा, दोन काका, एक काकू, एक आत्या आणि आम्ही तीन पोरं. मी सगळ्यात धाकटा. भस्मासुराचा हात कोणाच्या डोक्यावर ठेवायचा असं त्या घरात विचारलं असतं, तर रांगेच्या हिशेबानं तो माझ्याच डोक्यावर आला असता. पण निबंधातली जास्तीची माणसं कायम दुसरीकडे राहायची. बहुधा झोपडपट्टीत, किंवा उत्तरेकडे कुठेतरी.

त्या अकरा माणसांना पाणी किती लागायचं, हे मी परवा मुद्दाम आठवून पाहिलं. नळ पहाटे पाचला यायचा आणि साडेसहाला ‘पाणी गेलं’ अशी हाक वाड्यात फिरायची. तेवढ्यात एक पिंप, दोन हंडे, चार कळश्या आणि मोरीतला हौद भरायचा. अंघोळीला बंबातलं एक घंगाळं गरम आणि तेवढंच गार. धुणं-भांडी मागच्या विहिरीवर. उन्हाळ्यात विहिरीचा पोहरा खालच्या दगडावर आपटून ‘ठण्ण’ वाजला की आजी म्हणायची, आता जपून. संपूर्ण घराला दिवसाला सहा-सातशे लिटर लागत असतील, त्यात निम्मी विहीर. आमच्या फ्लॅटमध्ये, मुलगी लग्न होऊन जाईपर्यंत, तीन माणसं आणि तीन बाथरूम. एकदा फ्लश ओढला की आठ-दहा लिटर जातात. पाणी शुद्ध करायचं यंत्र एक लिटर प्यायला देतं आणि दोन-तीन लिटर मागच्या बारीक नळीतून सिंकमध्ये सोडून देतं. रात्री घर शांत झालं की ती ‘चुळ्ळ’ ऐकू येते. आम्हाला एकच मुलगी. निबंधातल्या हिशेबानं आम्ही आदर्श कुटुंब. पाण्याच्या हिशेबानं आम्ही तिघं त्या अकरांच्या घराशी बरोबरी करायचो, पाहुणे आले तर पुढेही जायचो.

जुनं ते सोनं वगैरे मला म्हणायचं नाही. आजी रोज पहाटे आदल्या दिवसाचं ‘शिळं’ पाणी मोरीत ओतून द्यायची. हंड्यातलं स्वच्छ, झाकलेलं, थंडगार पाणी. ताजं भरायचं तर शिळं टाकायलाच हवं, हा तिचा नेम. मे महिन्यातही तो मोडायचा नाही. शिवाय सोवळ्याची कळशी वेगळी, तिला कोणाचा हात लागला की तीही ओतली जायची. आपली उधळपट्टी फ्लशबरोबर आली असं वाटत असेल, तर ती थोडी आधीचीच आहे.

आजीची नऊ बाळंतपणं झाली. त्यातली सहा मुलं जगली. बाकीच्या तिघांची नावं ती दिवाळीच्या फराळाला बसल्यावर कधीतरी एकदम घ्यायची आणि मग अनारशांकडे वळायची. तिला कोणी विचारलं होतं का, असा प्रश्न तेव्हा घरात कोणाला पडला नाही, मलाही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. बाईला मूल कधी हवं, हवं की नको, हे तिचं तिला ठरवता यावं असं ते म्हणत राहिले, लोकांच्या शिव्या खात राहिले. ठाण्याहून मुंबईला जायला १८५३ पासून आगगाडी होती, अंतर ३४ किलोमीटर. पण कर्व्यांचं नाव आमच्या वाड्यापर्यंत यायला पुढची पन्नास वर्षं गेली, आणि आलं तेव्हा सरकारी पोस्टर होऊन आलं. त्यात बाई कमी आणि आकडाच जास्त होता. आजी ते पोस्टर बघून म्हणाली होती, ‘आता सांगतात मेले.’

आज ते पोस्टर कुठे दिसत नाही, आणि त्याची फारशी गरजही उरलेली नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ निघाला. पिढीला पिढी पुरी पडायला २.१ लागतो. म्हणजे नुसत्या पाळण्यांवर हे राज्य वाढायचं थांबलंय. आधी जन्मलेली तरुण पिढी वयात येतेय म्हणून आकडा अजून काही वर्षं चढेल, मग बसेल. तरी ठाणे शहर १९९१ला आठ लाखांचं होतं, २००१ला साडेबारा लाखांचं झालं आणि २०११ला १८ लाख ४१ हजारांचं. त्या जनगणनेत आपला जुना, पालघरसकटचा ठाणे जिल्हा देशात सगळ्यात जास्त लोकसंख्येचा ठरला, एक कोटी दहा लाख. त्यानंतर मोजणीच झालेली नाही. आताचा आकडा ज्यानं त्यानं आपापल्या गटारावरून, लोकलवरून आणि टँकरवरून ओळखावा. एवढी वाढ प्रसूतिगृहातून होत नसते. ती ट्रकमधून गाद्या, फ्रिज आणि तुळशीची कुंडी घेऊन येते.

आमचा ट्रक २००४ साली आला.

चरईचा वाडा पाडायचा ठरला, वाटे पडले, आणि माझ्या वाट्यात कर्ज मिळवून घोडबंदरचा हा फ्लॅट बसला. नातेवाईक म्हणाले, इतक्या लांब? तेव्हा कासारवडवलीच्या पुढे रात्री नऊनंतर रिक्षावाला यायला मागायचा नाही. एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधे भातशेती. पहिल्या पावसाळ्यात बेडकांनी झोपू दिलं नाही. मुलगी लहान होती, तिला वाटायचं इंजिन चालू आहे. पुढच्या वर्षी आवाज कमी झाला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी, आणि नेमका कोणत्या वर्षी बंद झाला ते सांगता येत नाही, कारण तोवर आम्ही एसी घेतला होता आणि खिडक्या बंद असायच्या.

संध्याकाळी एक म्हातारा आगरी गृहस्थ आमच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. डोक्याला टॉवेल, तोंडात तंबाखू. आत यायचा नाही. मी एकदा गेलो बोलायला. लिफ्टच्या खोलीकडे बोट करून त्यानं सांगितलं, तिथे त्याचं खळं होतं. पार्किंगच्या कोपऱ्यात नाल्याचं पाणी वळवून घ्यायचा बांध होता. येऊरवरून उतरणारं पाणी त्या बांधावरून पुढे चार शेतांना जायचं. (पहिल्या मोठ्या पावसात आमच्या पार्किंगच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात गुडघाभर पाणी साचलं, तेव्हा मला त्याचं बोट आठवलं.) मग त्यानं विचारलं, किती बिऱ्हाडं आली? मी म्हणालो, एकशे बारा. त्यानं ‘च्’ केलं आणि थुंकायला वळला. त्यावेळी मला वाटलं, शेत गेल्याचं दुःख. आता वाटतं, तो फक्त मोजत होता. त्याच्या मोजणीत वाढलेली माणसं म्हणजे मी, माझी बायको, माझी बेडकांना घाबरणारी मुलगी आणि आमची तुळशीची कुंडी.

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. पूर्वी साठाच्या वर तळी होती म्हणे, आता पस्तीसच्या आसपास उरलीत. लहानपणी मासुंद्याच्या काठी भेळ खाताना वाटायचं की आपण पितो ते पाणी यातलंच. तसं ते नव्हतं आणि आता तर मुळीच नाही. मासुंदा फिरायला, उपवन फोटोला, बाकीचे गणपतीला. प्यायचं पाणी येतं उल्हास आणि भातसा नद्यांवरून, बारवीच्या धरणातून. तळ्याकाठचं शहर स्वतःच्या तळ्यातलं ओंजळभर पाणी पीत नाही, याचं आता कोणाला नवलही वाटत नाही. अर्थात १८ लाख माणसं तळ्यांवर जगली नसती, हेही तितकंच खरं. माणसांच्या संख्येला काहीच अर्थ नाही असं म्हणणारे विद्वान मला भेटलेत. त्यांनी एकदा मे महिन्यात आमच्या पंपरूममध्ये येऊन उभं राहावं. नळाचं पाणी आमच्याकडे कमी दाबानं येतं, तेही एक दिवस हुकतं. सोसायटीची पहिली बोअर सव्वादोनशे फुटांवर लागली, ती आटली. दुसरी चारशेला नेली, तिचं पाणी मचूळ निघालं. खाडी जवळ आहे. चहा फाटतो त्यानं.

२०१७ साली पाण्याच्याच प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयानं घोडबंदर पट्ट्यातल्या नव्या इमारतींच्या परवानग्यांना काही काळ चाप लावला होता. ती बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या क्लबहाउसमध्ये किती आनंद! कोणीतरी समोसे मागवले. ‘बरं झालं, आता नवे येणार नाहीत,’ असं मी म्हणालो होतो. तोंडात समोसा असताना म्हणालो हेही आठवतंय. शेजारच्या टॉवरविरुद्धच्या अर्जाचा मसुदाही माझाच. ‘उपलब्ध जलस्रोतांवर असह्य ताण’ हे शब्द मी त्यात घातले होते. आज वाचताना त्यात नववीतल्या निबंधाचं अक्षर दिसतं. पुढे चाप सुटला, टॉवर आला. त्याच्या फलकावर ‘फॉरेस्ट व्ह्यू’ आणि ‘क्रीक व्ह्यू’ लिहिलंय, आणि गच्चीवर पोहण्याचा तलाव होणार आहे. ठाण्यातला एक तलाव वाढला म्हणायचा. तो टॉवर बांधायला ज्यांना आणलंय त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांना नळ नाही.

बादलीनंतर दोन-तीन दिवसांनी टँकर आला तेव्हा मी पहिल्यांदाच ड्रायव्हरशी बोललो. पंचविशीचा मुलगा, गळ्यात काळा दोरा, मोबाइलवर क्रिकेट. ‘कुठला रे तू?’ ‘शहापूर, काका. खर्डीच्या आत.’ मी जरा चमकलो. तानसा धरण १८९२चं, मग भातसा; त्या तालुक्यातल्या पाण्यावर मुंबईच्या पिढ्या वाढल्या. ‘मग तुमच्याकडे पाणीच पाणी!’ तो हसला. ‘धरण उशाला नि कोरड घशाला. मी तिकडे पण टँकरवरच होतो.’ मार्च लागला की गावोगाव गाडी न्यायची, गावच्या आटलेल्या विहिरीत रिकामी करायची. हॉर्न ऐकून बाया आधीच काठावर उभ्या, कळश्या दोरीला बांधून तयार. पाणी पडायच्या आत पोहरे पडायचे. एकदा एक म्हातारी आत पडता पडता राहिली. गर्दी फार असेल, मी म्हणालो. ‘गर्दी कसली? पाड्यावर चाळीस घरं. त्यातली निम्मी कल्याणला, भिवंडीला कामाला. माणसं कमीच झाली उलट.’ मग कॉक तपासत म्हणाला, ‘इथं बरंय. कोणी भांडत नाही. टाकीचं झाकण उघडायचं नि ओतायचं.’ आणि पगार? पगार पण इथं बरा.

आपल्याकडे पाणीपुरवठ्याचं मोजमाप ठरलेलं आहे. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर, आणि जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला ५५. दोन्ही आकडे सरकारी कागदावरचे, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मी खूप वर्षं हिशेबाच्या नोकरीत काढली, म्हणून मला बेरजेआधी एकक बघायची सवय आहे. ‘माणसं वाढली’ या बेरजेत माणूस हे एककच धरता येत नाही, असं त्या दिवशी पावतीच्या मागच्या बाजूला आकडे मांडताना लक्षात आलं. एक मी म्हणजे खर्डीच्या आतले अडीच. आणि त्या मुलाला तर एकही आकडा लागू होत नाही. तो शहरात राहतो, पण शहरातला नाही. पावती फाइलला लावायची होती म्हणून मागचे आकडे खोडून टाकले.

यानंतर मी काही बदललो असं कोणी समजू नये. शुद्धीकरण यंत्राच्या नळीखाली आता पिंप ठेवलंय, त्या पाण्यानं लादी पुसतात, एवढंच. शॉवर चालू आहे. दिवसभर उन्हातून आलं की पाण्याखाली मिनिटभर जास्त उभं राहण्यात जे सुख आहे ते मला सोडवत नाही, आणि सोडलं तर ते पाणी खर्डीला जाईल असल्या भ्रमातही मी नाही. मुलगी आता पुण्यात असते. लग्न झालंय, मूल नको असं दोघांचं ठरलंय. ‘पृथ्वीवर आधीच गर्दी आहे, बाबा,’ असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा मी ‘हो ना’ म्हणालो. त्याच सवयीच्या चालीवर. फोन ठेवल्यावर बराच वेळ बाल्कनीत उभा राहिलो. आठ मार्कांचा निबंध इतका मनावर घेणारं कोणीतरी आमच्याच घरात निघावं! खाली शेजारच्या टॉवरचा सव्विसावा स्लॅब पडत होता. काँक्रीटवर पाणी मारणाऱ्या माणसाच्या हातातला पाइप उन्हात चकाकत होता.

त्या दिवशीची बादली वॉचमननं उचलून केबिनमागे ठेवली होती. तो लातूरकडचा, पन्नाशीचा. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी नेलं, त्या उन्हाळ्यात तो गाव सोडून इकडे आला. पाणी त्यानं ओतलं नव्हतं. दोन दिवस तसंच झाकून ठेवलं, पोरगं येईल म्हणून. तिसऱ्या दिवशी त्यात वळवळ दिसायला लागली, तेव्हा कडुलिंबाला घातलं. ‘तुम्ही हाक मारली म्हणून भ्यालं असेल, साहेब,’ असं तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला काही बोलताही आलं नाही. मी बादली घेऊन पत्र्यांच्या खोल्यांकडे गेलो, हेही सांगून टाकतो. दोन बायका तांदूळ निवडत होत्या. मुलाचं वर्णन केलं, सपातांचं सांगितलं. स्लॅबवाली टोळी गेली, त्यातला असेल, असं हिंदीत म्हणाल्या. कुठे? कळव्याला, नाहीतर पनवेलला. बादली ठेवून घ्या म्हणालो तर त्यांनी आधी आत डोकावून पाहिलं, तिच्यात काही आहे का म्हणून.

घेतली नाही त्यांनी. दुसऱ्याची आहे, म्हणाल्या.

आता ती गेटवरच असते. टँकर लागला की वॉचमन तिला जोडाखाली सरकवतो. वीस मिनिटांत निम्म्याच्या थोडी वर भरते. लंगडी कुत्री येऊन आधी हुंगते, मग पिते. काल गाडी आली तेव्हा पावतीवर सही करताना मी सवयीनं आकडा बघितला, १०,००० लिटर. बादलीकडे बघितलं. ड्रायव्हर घाईत होता, त्याला अजून चार गाड्या टाकायच्या होत्या. मी सही केली.